केतकीचा हट्ट

"डॉक्टर, हिचा हट्ट परत बसवा," द्वारकाबाई म्हणाल्या.

लग्नाआधी द्वारकाबाईंनीच लेकीचा हट्ट इथल्या यंत्राने काढून घेतला होता, सगळेच आपल्या मुलींचा काढत. लहानपणी विहिरीत पोहायला बापाने नको म्हटलं, तेव्हा केतकी जेवली नव्हती. हट्ट तिथूनच रुजला, असं यंत्राने दाखवलं होतं. आता तिच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते, तरी सासरी परतायला तिने पिशवी भरली होती.

"बसवतो. पण कायद्याने तिनेच मागायला हवं."

"अगं, माग की!" द्वारकाबाईंनी लेकीला गदागदा हलवलं.

केतकी गोड हसली. "तू म्हणशील तसं, आई."

"हे मागणं नव्हे," म्हणत डॉक्टरांनी यंत्र बंद केलं.

केतकीने पिशवी उचलली. "निघू का? उशीर झाला तर ते चिडतील."