भिंतीवरचा उजवा हात

बांगड्या दोन्ही हातांत होत्या.

मथुराने डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि भिंतीकडे पुन्हा नीट पाहिलं. वेसाव्याच्या जेट्टीकडे जाणाऱ्या वाटेवरची, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची ती लांबलचक भिंत. चार दिवस तिच्यावर मथुराच रंगत होती. दोन माणसांएवढी उंच, मांडी घालून बसलेली, नाकात नथ. भोवती निळेजांभळे मासे आणि पायाशी रांगेत नाचणारी पांढरी वारली माणसं. ती माणसं कोळणीच्या पायाशी काय करताहेत, हे विचारायचं तिने पहिल्याच दिवशी सोडून दिलं होतं. चेहरा मात्र हुबेहूब होता. जावा चिडवायच्या, आता तू कशाला आमच्याशी बोलशील, आणि ती लटकं रागवायची. खरं म्हणजे तिला फार आवडलं होतं ते.

पण कालपर्यंत उजवा हात नुसता रेघांचा होता. आज तो रंगला होता, आणि मनगटभर हिरव्या बांगड्या होत्या.

"पोरी, यो हात कुनाचा?"

गार्गी परांचीवरून खाली उतरली. मुलुंडची पोर, चित्रकलेचं शिक्षण घेतलेली, केसांत ब्रश खोचायची सवय. "तुमचाच की, मावशी. का, काय झालं?"

मथुराने स्वतःचा उजवा हात पुढे केला. मनगट मोकळं होतं. डाव्या हातात मात्र बांगड्या होत्या.

"हो, मी काढलेल्या तुमच्या फोटोत पण तसाच होता," गार्गी म्हणाली. "मला वाटलं, मासे कापताना काढल्या असतील. हात रिकामा वाटत होता ना, म्हणून मीच भरल्या."

"रिकामा नाय तो. दिलेला हाय."

गार्गीला काही कळलं नाही. मथुरालाही कुठून सांगावं ते सुचेना, कारण असलं काही तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या काढून समुद्राला द्यायच्या आणि त्या बदल्यात त्याने नवऱ्याला सांभाळायचं. बावीस वर्षं त्याने सांभाळलं होतं. आता धर्मा बोटीवर गेल्याला सहा दिवस झाले होते. बोट काल यायला हवी होती, वाऱ्याचा इशारा लागला होता आणि धर्माचा फोन लागत नव्हता.

"माजा नवरा दर्यान हाय," ती म्हणाली. "आनि तू दर्याला दिलेल्या बांगऱ्या परत आनून घातल्यास."

गार्गीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, तरी तिने वाद घातला नाही. पोर गुणाची. तिने अंगाचा रंग पुन्हा कालवला आणि एकेक बांगडी बुजवत गेली. मथुरा उन्हात उभी राहिली. पाटीतली मांदेली नरम पडत चालली होती, पण शेवटची बांगडी जाईपर्यंत ती हलली नाही. मग तिने धर्माला फोन लावला. लागला नाही. रंग अजून ओला आहे, तिच्या मनात आलं, आणि असं मनात आल्याचा तिचा तिलाच राग आला.

"मावशी, इकडे या, गंमत दाखवते," गार्गी म्हणाली. तिने स्वतःचा मोबाइल भिंतीसमोर धरला.

मोबाइलमधल्या मथुराने डोळे मिचकावले. मासे पोहू लागले, वारली माणसं गोल फिरली. मग तिने उजवा हात उचलून हलवला. किणकिण वाजलं. मनगटभर हिरव्या बांगड्या.

तेवढ्यात भिंतीला घासून एक हातगाडी गेली आणि सगळं थांबलं.

"हातासमोर कोणी आलं की बंद पडतं," गार्गी म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "अरे यार. हे राहिलंच. हे फोनमधलं हलतं चित्र अनय करतो, तो बंगळुरूला असतो. उद्या संध्याकाळपर्यंत बदलेल. पण मावशी, ते खरं नाहीये, फक्त फोनमध्ये आहे."

मथुराने भिंतीकडे पाहिलं. मोबाइलकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. तिन्ही हात तिचेच. फक्त फोनमध्ये म्हणजे काय, हे तिला कळेना. वारा कधी सुटणार ते समुद्राच्या आधी फोनच सांगायचा. धर्मा जिवंत आहे हेही तिला फोनच सांगणार होता.

"यातला दर्याला कुठला दिसतो?"

गार्गीने मोबाइल खाली घेतला. "मला नाही माहीत, मावशी," ती म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपुढे गर्दी जमली. अंधेरीहून, कांदिवलीहून आलेली पोरंपोरी फोन उंच धरून उभी होती. कोणाच्याच फोनमध्ये काही हलत नव्हतं. मथुरा आज पाटी न घेता आली होती. रंगवलेल्या उजव्या मनगटाला पाठ लावून ती उभी होती, पहाटेपासून.

"मावशी, जरा बाजूला व्हा ना," एकजण म्हणाला. "चित्र चालू होत नाहीये."

मथुरा हलली नाही. शेवटी गार्गी पाण्याची बाटली घेऊन जवळ आली आणि हळूच म्हणाली, "किती वेळ अशा उभ्या राहणार?"

मथुराने बाटली डाव्या हाताने घेतली. नजर जेट्टीवरच होती.

"बोट लागू दे. मंग व्हते बाजूला."