केळीला घातलेली पर्स

खताच्या खड्ड्यात हिलरीचं फावडं कशात तरी अडकलं. जोर लावून ओढलं, तर पर्स वर आली. हिरवी, एका बाजूने पट्टा तुटलेली. त्याने ती नळाखाली धरली. शेणमाती वाहून गेली आणि पर्स दुकानात मांडल्यासारखी चकाकायला लागली.

"जोआना! अगं, ही बघ तुझी पर्स!" त्याने सुनेला हाक मारली.

जोआना ओट्यावर बसून नव्या पर्सना कार्डं बांधत होती. उद्या गावच्या चर्चचा सण, आणि सणाच्या बाजारात तिचा स्टॉल. पर्स होत्या केळीच्या धाग्यापासून बनवलेल्या व्हेगन लेदरच्या, म्हणजे जनावराचं कातडं न वापरलेल्या. 'मातीतून आली, मातीत विरून जाईल' असं कार्डावर छापलेलं होतं. या एका वाक्यावर भाळून तिने चांगली नोकरी सोडली आणि मुंबईच्या एका कंपनीची एजन्सी घेतली. गेल्या सणाला मात्र लोक पर्स हातात घ्यायचे, कार्ड वाचायचे, गोड हसायचे आणि पुढे जायचे. विकल्या गेल्या दोन. त्यातली एक तिच्या आईने घेतली. यंदाही तसंच झालं तर गाशा गुंडाळायचा, हे घरात ठरून गेलं होतं.

"पप्पा, ही तर पट्टा तुटून परत आलेली. खड्ड्यात कशी गेली?"

"मीच टाकली गेल्या वर्षी. तूच म्हणालीस ना, केळीची आहे, मातीत विरते? म्हटलं, केळीचीच आहे तर केळीलाच घालू."

त्यात वावगं काहीच नव्हतं. हिलरीच्या वाडीतलं केळीचं पान, साल, खांब कधी कुंपणाबाहेर जात नसे. सगळं खड्ड्यात पडायचं आणि भुसभुशीत खत होऊन पुन्हा केळीच्या बुंध्याशी यायचं. पर्सचंही तेच होणार, असं तो मनापासून धरून चालला होता.

"खांबांचा पार भुगा झाला," तो कौतुकाने म्हणाला, "आणि हिचा एक टाका उसवलेला नाही!"

जोआनाने तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅम, केळीचा धागा आतमध्ये आहे. वरून प्लास्टिकचा थर द्यावाच लागतो, नाहीतर पर्स टिकणार कशी?"

"मग कार्डावर असं का छापलंय?"

"कार्ड मार्केटिंगवाले बनवतात, मॅम."

जोआनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाजारात येणारी माणसं परकी थोडीच होती? तिच्या लग्नात नाचलेली माणसं ती. त्यांना ती वर्षभर छातीठोकपणे खोटं सांगत होती.

तिचा चेहरा पाहून हिलरी हळूच म्हणाला, "परत पुरून टाकू का? कोणाला कळायचं नाही."

"मला कळलंय ना, पप्पा."

तिने कात्री घेतली आणि बांधलेली सगळी कार्डं कापून काढली.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा, सणाची प्रार्थना, सुटली आणि माणसं बाजारात पांगली. स्टॉलच्या दर्शनी भागी खड्ड्यातली पर्स लटकत होती. खाली जोआनाने स्वतःच्या हाताने पाटी लिहिली होती: 'वर्षभर खतात पुरली होती. मातीत विरत नाही. वर प्लास्टिकचा थर आहे.' पाटी वाचून लोक एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. जोआना मान खाली घालून बसली होती.

मटिल्डाआंटी थांबली. गेल्या सणाला कार्ड वाचून पहिली पुढे गेली होती, ती हीच. तिने पर्स ओढून पाहिली, नखाने खरवडून पाहिली, वाससुद्धा घेतला.

"खरंच खतात होती?"

"हो आंटी," जोआना कशीबशी म्हणाली. "मातीत विरते म्हणून सांगितलं, ते चुकीचं होतं. ती कुजतच नाही."

मटिल्डाआंटीने तिच्याकडे डोळे विस्फारून पाहिलं. मग गर्रकन वळून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "रेजिना, फ्लॉसी, लवकर या गं! गेल्या वर्षी कुजणारी म्हणून आपण घेतली नव्हती ना, ती यंदा चांगली आलीय!"