रेंज धरून
ऐन मुलाखतीच्या सकाळी जुन्या कॉम्प्युटरची वायफायची अँटेना सैल झाली. रेणुकानं ती आवळून पाहिली, चिकटपट्टी गुंडाळली, तरी ती मान टाकायचीच. शेवटी भिकाजींनी ती हातानं खिडकीकडे उचलून धरली, तेव्हा कुठं रेंज आली.

"बाबा, आता हलू नका हं."

"न्हाई हलत. तू बिनघोर बोल."

अर्ध्या तासात खांदा ठणकू लागला, पण लेकीची फाडफाड उत्तरं ऐकून ते सुखावले होते. मग पडद्यावरच्या साहेबांनी विचारलं, "कायमचं बंगळुरूला यावं लागेल. घरी कुणाची जबाबदारी?"

रेणुका म्हणाली, "नाही सर. मला कुणीच नाही."

भिकाजींचा हात खाली आला. पडद्यावर साहेबांचा चेहरा थिजला.

त्यांनी घाईघाईनं अँटेना पुन्हा वर धरली.