वाटाणा म्हणायचं

आज घरात ‘मटार’ हा शब्द कुणीही तोंडातून काढायचा नाही, असं सुनेने सकाळीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं.

“वाटाणा म्हणायचं. फक्त वाटाणा.”

नवऱ्याने आज्ञाधारकपणे दोनदा म्हणून पाहिलं. सासूबाई मात्र फणकारल्या. “माझी काय शाळा घेतेस? कळतं मला.”

भानगड साधी होती. जमीन सरकारी सवलतीची. तिच्यात धान्य घ्या, कडधान्य घ्या, कुणी हरकत घेणार नाही; भाजीपाला घेतलात की सवलत गेली आणि पाठोपाठ जमीनही. घरात सगळ्यांचं म्हणणं होतं, गपगुमान हरभरा पेरावा. सूनच हट्टाला पेटली होती. वाटाणा वेलीवरच वाळवायचा, सुका झाला की तो कडधान्यात मोडतो, असं तिने नियम वाचून सगळ्यांना पटवलं होतं. म्हणजे पटवलं नव्हतं, गप्प केलं होतं. आणि पीक असं आलं होतं, की बघणाऱ्याने बघत राहावं. पण शेंगा वाळायच्या आतच तपासणी येऊन ठेपली. आता सगळं शेत हिरवंगार, आणि हिरव्या वाटाण्याला अख्खं जग मटार म्हणतं.

तपासनीस मोटारसायकलवरून उतरला. “काय लावलंय?”

“वाटाणा!” नवरा-बायको एका सुरात म्हणाले.

“वाटाणाच आहे,” बांधावरून शेजारीही म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

तपासनीसाने वाकून एक शेंग बोटांनी चाचपली. “हिरवी दिसतेय.”

“वाळणार आहे, साहेब. एकही हिरवी तोडणार नाही आम्ही.”

“सगळे असंच म्हणतात. भाव चढला की दोन दिवसांत शेत रिकामं होतं.”

“फिरून बघा ना. कुठे एक शेंग तोडलेली दिसली तर सांगा.”

तो खरंच फिरला. ओळीओळीने, वेली हाताने बाजूला सारत. सून त्याच्या मागेमागे चालत होती. भीती होतीच, पण तिच्याहून मोठा आनंद होता. शेत असं कुणाला तरी अभिमानाने फिरून दाखवायचं तिच्या मनात किती दिवसांपासून होतं. मधेच ती म्हणालीसुद्धा, “इथली शेंग बघा, कशी भरलीय!” नवऱ्याने मागून तिचा पदर ओढला, तेव्हा गप्प बसली.

तपासनीस बांधावर परत आला आणि त्याने फोन काढला. त्यात दोनच पर्याय होते, कडधान्य आणि भाजीपाला. “बरं, कडधान्य टाकतो,” तो म्हणाला. नवऱ्याने शेजाऱ्याच्या पाठीत आनंदाने अशी थाप मारली, की तो दोन पावलं पुढे गेला.

एवढ्यात घराच्या बाजूने सासूबाई लगबगीने आल्या. हातात फुगलेली पिशवी, चेहऱ्यावर पाहुणचाराचा उत्साह नुसता ओसंडत होता.

“साहेब, रिकाम्या हाताने जायचं नाही हं! ताजे मटार आहेत, आत्ताच तोडलेत. घरी मस्त भाजी करा!”

मटार, तोडलेत आणि भाजी. एका दमात सगळं आलं. काही म्हणता काही शिल्लक ठेवलं नाही.

शेजारी उगाच आभाळाकडे बघायला लागला. तपासनीसाचं बोट फोनवर पोचता पोचता थबकलं.

“मावशी, हे याच शेतातले?”

“मग काय विकत आणले? माझ्या घरी...” सासूबाईंचं वाक्य तिथेच अडकलं. त्यांची नजर सुनेच्या चेहऱ्यावर गेली होती. तो चेहरा पांढराफटक पडला होता. तिला ओरडायचं होतं, रडायचं होतं, आणि दोन्हींपैकी एकही जमत नव्हतं.

सासूबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“साहेब, हे शेत माझं नाही. माझ्या सुनेचं आहे. काय पेरायचं ते तिनेच ठरवलं, आम्ही सगळे नको म्हणत होतो. शेंगेला हात लावायचा नाही, असंही तिने सांगितलं होतं. तरी मी तोडल्या. तिला न विचारता.” मग त्यांनी आवाज चढवला. “म्हणजे चोरीच झाली ना? मग तसं लिहा. सुनेच्या शेतात सासूने चोरी केली. होऊन जाऊ दे!”

तपासनीसाने फोनकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. “चोरीचा पर्याय नाही हो यात, मावशी,” तो म्हणाला, आणि त्याला हसूच आवरेना. हसता हसताच त्याने ‘कडधान्य’वर बोट दाबलं. मग सुनेकडे वळून म्हणाला, “वाळल्यावर पुन्हा येणार आहे मी. तोवर चोरावर नजर ठेवा.”

गाडी रस्त्याला लागली तसा नवऱ्याने अशी काही आरोळी ठोकली, की झाडावरची पाखरं उडाली. सून मात्र होती तिथेच उभी होती. लग्न होऊन आल्यापासून तिने हे शेत कधी सासऱ्यांचं असल्याचं ऐकलं होतं, कधी नवऱ्याचं. आज पहिल्यांदाच ते तिचं झालं होतं, आणि तेही सरकारी माणसासमोर.

तिने पिशवी उचलली. “आई, यांचं काय करायचं आता?”

सासूबाई घराकडे चालू लागल्या होत्या. मागे वळूनही न पाहता म्हणाल्या, “चोराला काय विचारतेस? मालकिणीने ठरवायचं.”