सात चिंचोके

माणिकबाईच्या डब्यातून सातवा चिंचोका काढताना वच्छलाबाईनं इकडंतिकडं बघितलंसुद्धा नाही. पहिल्या वेळी मात्र चारदा बघितलं होतं.

दत्ताच्या देवळात, औदुंबराच्या पाराजवळच्या फळीवर डब्यांची रांग होती. डब्यावर बाईचं नाव, तळाशी घडी घातलेली संकल्पाची चिठ्ठी. रोज एक्कावन्न प्रदक्षिणा झाल्या की आपल्या डब्यात एक चिंचोका टाकायचा. असे एकशे आठ दिवस. उद्यापनाला एकीचा डबा दुसरीनं मोजायचा. पुरे भरले तर तिची चिठ्ठी सगळ्यांपुढे वाचायची. कमी पडले तर चिठ्ठी न उघडता परत डब्यात, आणि राहिलेले दिवस चालून काढायचे.

माणिकबाई आपल्या चिंचोक्याला कुंकवाचं बोट लावायची. वच्छलाबाईनं ते पदरानं पुसलं, चिंचोका स्वतःच्या डब्यात टाकला आणि देवाकडं न बघता चपला घातल्या.

तिला चोर म्हणण्याआधी तिचं दुखणं ऐकून घ्यावं. आयुष्यात तिच्या हातून काहीच तडीस गेलं नव्हतं. शिवणाचा क्लास दोन महिने, योगासनं नऊ दिवस, साखर सोडली ती संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत. पुतण्याच्या, अंकुरच्या, बारशाला विणायला घेतलेलं स्वेटर अंकुरला मिसरूड फुटली तरी एका बाहीवर अडलेलं. राजापेठेतल्या त्या गल्लीत अर्धवट कामाला 'वच्छलेचं स्वेटर' म्हणायची रीतच पडून गेली होती. खणून ठेवलेली नाली वच्छलेचं स्वेटर, शेजारच्या देवमनचं जमता जमता राहिलेलं लग्न वच्छलेचं स्वेटर. सगळ्यांत मोठ्यानं हसायचे ते तिचे यजमान, वामनराव.

आणि समोरच्याच घरात माणिकबाई. दोघी अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत एका बाकावर बसलेल्या. माणिकबाईनं बावन्नाव्या वर्षी दहावी काढली, मग स्कूटी शिकली. सकाळचं फिरणं तिनं थंडीतही चुकवलं नाही. तिनं हाती धरलेलं काम संपायचंच. तिच्या दारातली रांगोळी बघितली तरी वच्छलाबाई आपलं दार लावून घ्यायची.

म्हणून तर हे व्रत धरलं होतं. एकदा, एकदाच, चारचौघांत पुरं करून दाखवायचं. तिनं गल्लीत सांगायला आणि त्याच गुरुवारी माणिकबाईनं तिच्या डब्याशेजारी आपला डबा आणून ठेवायला एकच गाठ पडली. आधी कधी ही बाई औदुंबराला फिरली होती? कुरघोडी करायलाच आली, दुसरं काय.

माणिकबाई मागून चालली तर वच्छलाबाईला वाटे, पाळत ठेवते. पुढे गेली तर वाटे, मिरवते. एखाद्या सकाळी वच्छलाबाई देवळात दिसली नाही तर संध्याकाळी माणिकबाईचा फोन ठरलेला.

"झाल्या का वं आजच्या?"

वच्छलाबाईला तो टोमणाच वाटायचा. झाल्या म्हणून ती फोन ठेवून द्यायची.

खरं तर सात दिवस झाल्याच नव्हत्या. चार दिवस अकोल्याला भाचीच्या लग्नात गेले, तीन नुसत्या आळसात. ते पुढे चालून भरता आले असते. पण मग उद्यापनाला माणिकची चिठ्ठी वाचली जाणार आणि आपण हात जोडून ऐकत बसणार. सात चिंचोके या डब्यातून त्या डब्यात गेले की दोन्ही कामं एकदम होत होती.

उद्यापनाच्या दिवशी पुजारीबुवांनी दोन ताटं मांडली. माणिकबाईनं वच्छलाबाईचा डबा ओतला आणि एकेक चिंचोका सारत मोजू लागली. एकाच्या कडेला लाल रेघ राहून गेली होती. माणिकबाईचं बोट तिथं थांबलं. मग तिनं तो अंगठ्याखाली घेतला, हळूच घासला आणि ढिगात लोटला.

"एकशे आठ," ती म्हणाली. "पुरे भरले."

चिठ्ठीही तिनंच वाचली: माझे गुडघे बरे व्हावेत. बायकांनी हात जोडले. मागून कुणीतरी म्हणालं की आता स्वेटर हे नाव गेलं. वामनराव या वेळी हसले नाहीत. त्यांनी बायकोकडं नीट बघितलं, बऱ्याच वर्षांनी.

मग वच्छलाबाईनं माणिकबाईचा डबा मोजला. दोनदा मोजला, दुसऱ्यांदा मोठ्यानं. एकशे एक.

पुजारीबुवांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "माणिकबाई, तुमचा तं एकबी दिवस चुकला नाही. मी रोज पाहून राहिलो."

"मायंच काई चुकलं असन, महाराज. चालतो न मी अजून सात दिवस." मग ती वच्छलाबाईकडं वळली. "तुयं झालं ना पुरं? बस झालं मंग. चाल, जेवाले बसू."

हरली तरी तोरा कायम, वच्छलाबाईच्या मनात आलं.

पंगतीची गडबड सुरू झाली. डबा परत फळीवर ठेवायचं काम मोजणारीचं. चिंचोके भरताना ती चिठ्ठी तिच्या हाताला लागली. न उघडता ठेवायची, हे तिला ठाऊक होतं. पण जिचं सगळंच पुरं होतं, ती देवाजवळ आणखी काय मागत असेल? पंगतीकडं पाठ करून तिनं घडी उलगडली.

टपोऱ्या, दहावी पास अक्षरात लिहिलं होतं: 'दत्तराया, मले काई नको. वच्छलेचं एवढं एक व्रत तिच्या सोताच्या पायानं पुरं होऊ दे. लोकं तिले हसतात, ते मले सोसत नाही.'