विचारायचं कुणाला

"भाव काढायचा तुमचा सगळा कोड माझ्या ॲपमदी घालून द्या," भुवनेश्वरी म्हणाली, आणि पंचाक्षरीनं हातातला घास परत ताटात ठेवला.

लग्न झाल्यापासून भालकीच्या एका खोलीत नवराबायको समोरासमोर बसून ॲप बनवायचे. त्याचं ॲप सोयाबीन-तुरीचे भाव काढायचं. तिचं ॲप बचतगटाच्या बायकांना माल कधी विकायचा ते सांगायचं. भाव लागला की तिचं ॲप त्याच्या ॲपला विचारायचं, ते उत्तर द्यायचं. झकास चाललं होतं की सगळं.

"कामून? विचारलं की सांगायलंय न्हाई का माझं?"

"एखादीनं फोनमधून तुमचं ॲप काढलं की माझं मुकं होतंय. लायब्ररी करून द्या. तुमच्या कोडची नक्कल माझ्या ॲपच्या पोटातच राहू दे. आपलं इष्टलिंग कसं, ज्याचं त्याच्या गळ्यात असतंय. देवळाचं दार बंद असलं तरी पूजा अडत न्हाई."

"आन् हिशोबाची रीत बदलली तर? एका जागी बदलायचं ते दोन जागी बदलावं लागंल."

"मी बदलीन. शिकवा मला."

मान वर न करता ती बोलत होती. पंचाक्षरी काय समजायचं ते समजला.

हल्ली ती भांडत नव्हती. त्याच्या भाकरीवर तूप जरा जास्तच पडायलं होतं. तो आत आला की ती फोन ठेवायची. मागं त्याच्या पोटदुखीसाठी दोघं कलबुर्गीला गेली होती. डॉक्टरांशी बोलून बाहेर आल्यावर "पित्त हाय, दुसरं काय न्हाई" म्हणाली होती. तेव्हापासून भावाकडं जाते म्हणून एकटीच कलबुर्गीच्या खेपा घालायली होती. संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की सहजी उतरतंय होय? ही आपल्याला सोडून जायलीय, या विचारानं तो आतून पार खचला. त्याला जेवण जाईना. सदरे अंगात ढिले व्हायला लागले.

तरी त्यानं शिकवलं. एकेक ओळ समजावली. ती चुकली की पूर्वी तो खेकसायचा, आता त्याला तेवढंही बळ नव्हतं. ती पुन्हापुन्हा विचारायची, मधेच उठून मोरीत जायची, तोंड धुऊन यायची. काम संपलं तेव्हा त्यानं तिच्या फोनमधून आपलं ॲप आपल्याच हातानं काढून टाकलं. तिचं ॲप तरी भाव सांगतच राहिलं. बरोबर सांगत राहिलं. त्याला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा धाकटा भाऊ रेवणप्पा गाडी घेऊन दारात आला. भुवनेश्वरीनं भरलेली बॅग डिकीत ठेवली.

पंचाक्षरी उंबऱ्यातच थांबला. "घेऊन जा तिला, रेवणप्पा. मी अडवत न्हाई. सुखात राहू दे म्हणजे झालं."

रेवणप्पानं बहिणीकडं बघितलं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवर उशी ठेवलेली होती.

"बसा, दाजी," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, आता तुम्हाला घरी ठेवायचं न्हाई."