अंगठाही चालेल

माझं बोट धरून त्यानं कागदावर टेकवलं. "इथे, मॅडम. सही जमत नसेल तर अंगठाही चालेल. करार तुमच्यासाठी मुद्दाम मराठीत करून आणलाय."

मला दिसत नाही. पण मोबाइलमधून मराठी वाचून दाखवणारं जे सॉफ्टवेअर आहे, त्यातला जोडाक्षरं उच्चारणारा कोड मी लिहिलाय. फुकट दिलाय, कुणीही वापरावा म्हणून. आता ते सॉफ्टवेअर याच्या कंपनीला हवं होतं, आणि त्यासाठी कोड देणाऱ्या प्रत्येकाची सही.

"काय लिहिलंय यात?"

"नेहमीचंच हो. फॉर्मॅलिटी. कुणीच वाचत नाही."

मी मोबाइल कागदावर धरला. तो खणखणीत आवाजात कलमं वाचू लागला. सगळे हक्क कंपनीकडे. यापुढची प्रत्येक आवृत्ती फक्त विकत घेणाऱ्यांना. 'स्वामित्वहक्क' हा शब्द त्यानं जराही न अडखळता म्हटला. असल्या शब्दांपायी माझे कितीतरी रविवार गेले होते.

समोरची खुर्ची करकरली. "बंद करा ना ते. मी सांगतो समजावून."

"मघाशी सांगितलंत की."

"बाकी सगळ्यांनी सह्या केल्यात, मॅडम. तुमच्या एकटीमुळे अडलंय."

"मग अडू दे." कागदाची घडी करून मी त्याच्या हातात ठेवली. "आज हा कागद मला माझ्या कोडनं वाचून दाखवला. तोच तुम्हाला देऊन टाकला, तर तुमचा पुढचा कागद मला कोण वाचून दाखवणार? तुम्ही?"